माकड पुरलं, पातेरा तसाच

"भाटकार, माकड पुरलं. आता उद्यापासून बोंडू वेचायला जाऊ ना?"

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात, काजूच्या एका भाटात म्हणजे बागेत, मार्चच्या एका सकाळी, काजूची फळं वेचणाऱ्या बाईने हे विचारलं आणि भाटकाराने, म्हणजे बागेच्या मालकाने, मान हलवून होकार दिला. दोघांनाही दोष द्यावासा वाटत नाही. जनावर मेलं की खोल खड्डा खणायचा, वर काटेरी फांद्या टाकायच्या म्हणजे कुत्री उकरत नाहीत, हातपाय धुवायचे आणि कामाला लागायचं, ही रीत जुनी आहे आणि बहुतेक मेलेल्या जनावरांच्या बाबतीत ती पुरेशीही आहे. तरी ते वाक्य मनात रुतून बसलं. माकडताप म्हणजे गोचिडांच्या चाव्यातून माकडांना आणि माणसांना होणारा विषाणूचा ताप. त्याच्या गोष्टीत माकड मरणं म्हणजे एका टप्प्याचा शेवट आणि दुसऱ्याची सुरुवात. खड्डा खणायला माणसं येतात तोवर, ज्यांच्यामुळे भीती बाळगायची ते त्या अंगावरून उतरून गेलेले असतात. माकड जमिनीखाली जातं. गोचीड मात्र जमिनीवरच्या पातेऱ्यात, वाळक्या पालापाचोळ्यात असतात, त्या बाईच्या अनवाणी पावलांपासून काही हातांवर.

जिवंत अंगाला ऊब असते, श्वास असतो, रक्त वाहतं असतं. ते थंड पडू लागलं की त्यावर चिकटलेल्या गोचिडांना तिथे राहण्याचं कारण उरत नाही. पोट भरलेले गळून पडतात, अर्धवट भरलेले तोंड सोडवून घेतात आणि नव्या उबेच्या शोधात निघतात. आजारी माकड मरण्याआधी एक-दोन दिवस सुस्त होतं, कळपामागे राहतं, झाडावरून खाली येतं, एकाच जागी बसून राहतं. त्या दिवसांत त्याच्या रक्तात विषाणू सर्वांत जास्त असतो आणि त्याच दिवसांत त्याच्या अंगावरचे गोचीड ते रक्त पिऊन एकाच ठिकाणी गळत असतात. निरोगी माकडाच्या अंगावरचे गोचीड सगळ्या रानभर विखुरले असते. इथे ते एका झाडाखाली जमा होतात. म्हणूनच मेलेलं माकड सापडलं की त्या जागेभोवती ५० मीटरचा घेर धरतात आणि तो सगळा घेर धोक्याचा मानतात. खड्ड्याची जागा त्यात फारशी महत्त्वाची नाही. माकड पडलं कुठे, हे महत्त्वाचं.

हा गोचीड म्हणजे गुरांच्या कासेला लोंबणारा, करड्या मण्यासारखा फुगलेला नेहमीचा गोचीड नव्हे. गुरांचा तो गोचीड वेगळ्या जातीचा. पिल्लू असल्यापासून अंडी घालण्यापर्यंत तो एकाच गुराच्या अंगावर राहतो. माकडतापाचा मुख्य वाहक आहे हिमाफायसॅलिस स्पायनिजेरा. त्याला आयुष्यात तीनदाच जेवायला मिळतं आणि तिन्ही जेवणं वेगवेगळ्या जनावरांवर होतात. अंड्यातून निघालेल्या पिल्लाला सहा पाय असतात. ते एकदा रक्त पितं, खाली पडतं, कात टाकतं आणि आठ पायांचं अर्भक होतं. ते दुसऱ्यांदा रक्त पितं, पुन्हा पडतं, पुन्हा कात टाकतं आणि प्रौढ होतं. प्रौढ मादी तिसऱ्यांदा रक्त पिऊन कित्येक पट फुगते, पातेऱ्यात पडते, हजारांच्या संख्येने अंडी घालते आणि मरते. तीन जेवणं आणि मध्ये उपासाचे लांबच लांब महिने, एवढंच त्याचं आयुष्य.

विषाणूची सगळी मदार या उपासांवर आहे. विषाणू म्हणजे तरी काय? जेमतेम ४० ते ५० नॅनोमीटरचा कण, आत आरएनएचा एक धागा आणि त्या धाग्यात दहा प्रथिनांची कृती. स्वतः हलता येत नाही, उन्हात टिकता येत नाही, वाळलं की संपलं. माकडाच्या रक्तात त्याला मिळतात ते मोजके दिवस. त्यानंतर माकड एकतर मरतं किंवा बरं होऊन त्याच्या रक्तात प्रतिद्रव्यं तयार होतात. दोन्हीकडे विषाणूची वाट बंद. गोचिडाच्या अंगात मात्र तो महिनोन्‌महिने राहतो. पिल्लाने विषाणू असलेलं रक्त प्यायलं की तो आतड्याच्या भिंतीतून पलीकडे जातो आणि शरीरभर पसरतो. कात टाकताना गोचिडाच्या आतल्या कितीतरी अवयवांची मोडतोड होऊन ते नव्याने घडतात, आणि तरीही विषाणू तग धरतो. अर्भक जागं होतं तेव्हा तो त्याच्या लाळग्रंथींत येऊन थांबलेला असतो. पहिल्या जेवणात आत आलेला विषाणू दुसऱ्या जेवणात बाहेर पडतो. मधल्या काळात गोचीड आजारी पडत नाही, मरत नाही, त्याची चाल बदलत नाही. या विषाणूचं खरं घर तेच आहे. माकडात तो पाहुणा असतो, आणि तोही घर मोडून जाणारा.

चावण्याची रीतही समजून घेण्यासारखी आहे. या जातीला डोळे नसतात. पुढच्या पायांच्या टोकाशी एक बारीक खळगा असतो. श्वासातला कार्बन डायऑक्साइड, घामाचा वास, अंगाची ऊब हे सगळं त्याने कळतं. गवताच्या पात्यावर किंवा वाळक्या पानाच्या कडेवर चढून गोचीड पुढचे पाय पसरून बसतो, कुणी घासून गेलं की पकडतो. तो उडी मारत नाही, झाडावरून अंगावर पडत नाही. पायाच्या घोट्याला धरतो आणि वर चढत जातो. कातडी सापडली की आधी बारीक कापतो, मग उलट्या काट्यांची नळी आत घालतो आणि भोवती लाळेतून सिमेंटसारखा पदार्थ ओततो. या जातीचं तोंड आखूड, त्यामुळे पकड बरीचशी त्या सिमेंटवरच. लाळेत रक्त गोठू न देणारी द्रव्यं असतात, खाज आणि सूज दाबणारी असतात, म्हणून कित्येकांना चावा कळतही नाही. आणि एक गोष्ट फारशी कुणाच्या ध्यानात नसते. गोचीड रक्त पितो तसा रक्तातलं जास्तीचं पाणी लाळेवाटे परत त्याच जखमेत सोडतो. पुन्हा पितो, पुन्हा सोडतो. विषाणू आत जातो तो या परत येणाऱ्या पाण्याबरोबर.

युरोपातल्या जंगलात याच कुळातला एक विषाणू आहे, मेंदूज्वराचा. त्याच्याबाबत असं दिसून आलं आहे की एकाच उंदरावर शेजारी शेजारी बसून रक्त पिणाऱ्या दोन गोचिडांत विषाणू एकाकडून दुसऱ्याकडे जातो, आणि त्यासाठी उंदराच्या रक्तात तो भरपूर असावा लागतोच असं नाही. उंदराचं अंग तेवढ्यापुरती भेटीची जागा. हे वाचलं तेव्हापासून 'यजमान', म्हणजे ज्याच्या अंगावर दुसरा जीव जगतो तो प्राणी, या कल्पनेकडे बघण्याची नजरच बदलली.

आता पंचांग. सत्तरीत राहणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको, पण दोन पंचांगं एकमेकांवर ठेवून पाहिली की अंगावर काटा येतो. मृगाचा पाऊस पडला की प्रौढ गोचीड बाहेर येतात, आणि ते शोधतात मोठी जनावरं: गुरं, गवा, सांबर. ज्येष्ठ, आषाढ, श्रावण हा माद्यांचा काळ. रानात चरायला सोडलेल्या गुरांवर त्या भरतात आणि रानातच गळतात. ओल्या पातेऱ्याखाली अंडी घातली जातात. चवथीला गणपतीवर टांगायच्या माटोळीसाठी माणसं रानात फळं, पानं, वेली शोधायला जातात, त्या सुमारास पहिली पिल्लं बाहेर यायला लागलेली असतात, एकेका पानावर घोळक्याने. दिवाळीच्या आसपास ती भरात असतात आणि उंदीर, चिचुंद्री, पट्ट्यांची खार, जमिनीवर दाणे टिपणारे पक्षी आणि माकडं यांच्यावर आपलं पहिलं जेवण उरकतात. मार्गशीर्षापासून अर्भकं दिसू लागतात. पौषात गावोगाव बायकांचे ढालो नाच चालतात तेव्हा त्यांची संख्या चढत असते, शिगमोत ती भरपूर असतात आणि मे संपेपर्यंत टिकतात. माणसाला चावण्यात सगळ्यांत पुढे हेच अर्भक. न भरलेलं असताना ते तिळाहून लहान असतं.

आणि काजूचा हंगाम? फेब्रुवारी ते मे.

वर्षातल्या ज्या महिन्यांत अर्भकं पातेऱ्यात दबा धरून असतात, नेमक्या त्याच महिन्यांत सत्तरीतली माणसं त्या पातेऱ्यात वाकून हात घालतात. पिकलेला बोंडू झाडावरून तोडायचा नसतो, तो गळून खाली पडू द्यायचा, नाहीतर रसाला गोडी येत नाही. म्हणजे काम सगळं जमिनीवरचं. पहाटे झाडाखालचा पालापाचोळा बाजूला सारायचा, बोंडू उचलायचे, बी पिळून वेगळी करायची, टोपल्या वाहायच्या, आणि दमलं की त्याच झाडाखाली बसून भाकरी खायची. माकडांनाही बोंडू आवडतो. रानाच्या कडेला काजू, काजूच्या कडेला घरं, मधून गुरांच्या वाटा. ज्या झाडाखाली माकडं बोंडू खाऊन बी टाकतात, त्याच झाडाखाली बायका बी वेचतात. बोंडूच्या रसाच्या दारूचा, हुर्राकाचा पहिला घोट घेताना यातलं काही आठवत नाही. आठवावं असंही नाही. पण तो बोंडू कुणीतरी वाकून उचललेला असतो.

गोव्यात माकडतापाचे पहिले रुग्ण २०१५ साली सत्तरीतल्या पाली गावात आढळले. पुढच्या वर्षी जानेवारीत सीमेपलीकडे दोडामार्ग तालुक्यातल्या केर गावात, मग बांद्याकडे. त्याआधी कितीतरी वर्षं हा आजार कर्नाटकातल्या पाच जिल्ह्यांपुरता धरला जायचा. त्याचं मूळ नोंदवलेलं गाव शिमोगा जिल्ह्यातल्या सोरब तालुक्यात, क्यासनूरच्या जंगलालगत. मार्च १९५७ मध्ये तिथे माकडं मरत होती आणि पाठोपाठ माणसं तापाने फणफणत होती. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातली माणसं तिथे धावली ती वेगळ्याच भीतीने. माकडं मरतात आणि माणसांना रक्तस्रावी ताप येतो म्हटल्यावर आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेतला पीतज्वर आशियात शिरला की काय, ही शंका होती. निघाला तो रशियातल्या गोचीडजन्य मेंदूज्वराच्या कुळातला विषाणू. मग प्रश्न आला की सायबेरियाचा नातेवाईक कर्नाटकातल्या मलनाडात कसा? स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांनी गोचीड आणले असतील, असा विचार पुढे आला. पक्षितज्ज्ञ सलीम अली आणि बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीने जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने हजारो पक्ष्यांच्या पायांत कडी घातली, त्यांच्या अंगावरचे गोचीड गोळा केले. पक्ष्यांनी विषाणू आणल्याचा पुरावा काही मिळाला नाही, पण भारतातल्या पक्ष्यांच्या स्थलांतराबद्दल आपल्याला जे माहीत आहे त्यातलं बरंचसं त्या शोधातून आलं.

त्याच काळातल्या अभ्यासकांनी एक गोष्ट नोंदवून ठेवली ती मला सगळ्यांत मोलाची वाटते. घनदाट, अखंड रानात हा विषाणू उंदीर-चिचुंद्र्या आणि त्यांच्यावरचे गोचीड यांच्यात गुपचूप फिरत राहतो. पावसाळ्यात तो टिकतो तो बहुधा याच लहान प्राण्यांवर आणि त्यांच्या बिळांतल्या इतर जातींच्या गोचिडांत. उंदरांची दरवर्षी नवी पिल्लं येतात, त्यांच्या रक्तात अजून प्रतिद्रव्यं नसतात, म्हणजे विषाणूला दरवर्षी नवी दारं उघडी. रान तुटलं, मधे शेती आली, कडेने घाणेरीची झुडपं माजली, त्यांत गुरं शिरू लागली की चित्र बदलतं. गुराच्या रक्तात हा विषाणू पुढच्या गोचिडाला मिळेल इतका वाढत नाही. गुरं आजारीही पडत नाहीत. पण गुरं माद्यांना पोटभर रक्त पुरवतात, आणि एकेक भरलेली मादी म्हणजे पुढच्या हिवाळ्यातली हजारो पिल्लं. रोग एकाकडून, वाहक दुसऱ्याकडून, आणि दोघांची गाठ पडते ती रानाच्या फाटलेल्या कडेला. गवा सांबर होतेच की, असं कुणी म्हणेल. होते. पण त्यांची संख्या आणि दरसाल त्याच वाटेने त्याच झुडपांत जाणाऱ्या गुरांची संख्या यांत फरक आहे.

माणसाचं स्थान या साखळीत विचित्र आहे. तापाच्या दिवसांत माणसाच्या रक्तातही विषाणू भरपूर असतो. तरीही माणसापासून माणसाला हा ताप होत नाही, आणि माणसापासून रानातही परत जात नाही, कारण माणसाचं रक्त पिऊन सुखरूप पातेऱ्यात गळून पडणारा गोचीड जवळजवळ नसतोच. आपण तो खाजवून काढतो, आंघोळीत धुवून टाकतो. विषाणूच्या दृष्टीने माणूस ही बंद गल्ली. आपल्याला चावण्यात त्याचा काहीच फायदा नाही, आणि तरी शंभर रुग्णांत तीन ते पाच जण दगावतात. हा निरर्थकपणा मला फार बोचतो. सूड नाही, हेतू नाही, चुकून लागलेला धक्का.

गोव्यातच याच्या नेमकं उलट उदाहरण आहे. रेबीजचा विषाणू रक्तातून फिरत नाही. तो चाव्याच्या जागेपासून मज्जातंतूंतून मेंदूपर्यंत चढतो, तिथून लाळग्रंथींत उतरतो, आणि त्याच वेळी कुत्र्याला चावरा करतो. साखळी कुत्र्यापासून कुत्र्याकडे, एका कडीची. म्हणून ती तोडता येते. दहांतल्या सात कुत्र्यांना लस दिली की विषाणूला पुढचा कुत्रा मिळेनासा होतो. राज्य सरकार आणि मिशन रेबीज या संस्थेच्या पथकांनी गल्लोगल्ली जाळी घेऊन फिरून तेच केलं, आणि २०२१ मध्ये गोवा रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाला. माकडतापात असं एकच दार बंद करून भागत नाही. रानातल्या उंदरांना लस देता येत नाही, गोचीड संपवता येत नाहीत, माकडांना तर मुळीच दोष देता येत नाही. ती मरून आपल्याला सूचना देतात. ज्या गावात माकडतापाच्या धास्तीने माकडांवर दगड आणि सुतळी बॉम्ब फेकले जातात तिथे कळप विखुरतो, आजारी माकड आणखी लांब जाऊन पडतं आणि गळणारे गोचीड नव्या जागी पोचतात.

म्हणून मेलेलं माकड दिसलं की काय करायचं ते नीट सांगतो. हात लावायचा नाही, काठीने उलटायचं नाही, जवळ उभं राहून फोटो काढायचा नाही. लांबूनच जागेची खूण लक्षात ठेवायची आणि त्याच दिवशी वनखात्याला आणि आरोग्य केंद्राला कळवायचं. उशीर झाला की दोन्हीकडे नुकसान. कुजलेल्या शरीरातून तपासणीसाठी नमुना नीट मिळत नाही आणि गोचीड पसरत जातात. पथक अंग पूर्ण झाकून येतं, अवयवांचे नमुने घेऊन बर्फात पाठवतं, मृतदेह जागच्या जागी जाळतं आणि सभोवतालच्या ५० मीटरांत मॅलाथिऑन या कीटकनाशकाची ५ टक्के भुकटी धुरळतं. ती नुसती वरवर टाकली तर काम होत नाही. गोचीड पातेऱ्याच्या खालच्या ओलसर थरात असतात, तिथवर ती पोचली पाहिजे. अवकाळी सर आली तर पुन्हा टाकावी लागते. आणि ती सगळ्या भाटभर उगाच उधळायचीही नाही. मधमाश्या मरतात, आणि काजूच्या मोहोराला फळ धरायला त्यांची गरज असते. घेरातून गुरं, कुत्री, माणसं बाहेर ठेवायची. त्या झाडाखालचे बोंडू त्या हंगामापुरते सोडून द्यायचे. हेच सगळ्यांत अवघड, कारण रोजंदारीवर जगणाऱ्या बाईला एका झाडाखालची बी सोडून दे म्हणणं सोपं नाही. तेवढी भरपाई भाटकाराने द्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

गोचीड आहेत की नाहीत हे बघण्याची साधी पद्धत आहे. पांढऱ्या फ्लॅनेलचं कापड काठीला बांधून पातेऱ्यावरून सावकाश ओढत न्यायचं आणि दर काही पावलांनी उलटून बघायचं. पांढऱ्यावर काळपट ठिपके चालताना दिसतात. दव सुकल्यावरच हे करायचं, ओल्या कापडाला गोचीड नीट धरत नाहीत. हे काम शिकलेल्या माणसांचं आहे, पण पद्धत माहीत असली म्हणजे कापड घेऊन फिरणाऱ्या कर्मचाऱ्याला भाटात येऊ देताना कुरकुर होत नाही.

रोजच्या कामासाठी: पूर्ण बाह्यांचे फिक्या रंगाचे कपडे, विजार मोज्यांत खोचलेली, शक्य तर गमबूट. साडी नेसून काम करणाऱ्या बायकांनी आत विजार घालावी. उघड्या कातडीवर आरोग्य केंद्रातून मिळणारं गोचीड पळवणारं तेल लावायचं, मान आणि घोटे विसरायचे नाहीत. इथे बहुतेकांचं बिनसतं ते असं की तेल सकाळी एकदा लावतात आणि एप्रिलच्या घामात ते दहा वाजेपर्यंत उतरून गेलेलं असतं. जेवणाआधी पुन्हा लावायला हवं. पातेऱ्यावर बसायचं नाही, प्लास्टिकचा कागद किंवा उघडा दगड बघायचा. गोठ्यात अंथरायला किंवा राबाला त्या रानातला पातेरा घरी आणायचा नाही. घरी आल्यावर कपडे खुंटीला न लावता थेट गरम पाण्यात, आणि साबणाने आंघोळ करताना कानामागे, काखेत, करगोट्याखाली, जांघेत, गुडघ्यामागे, केसांच्या मुळांशी हाताने चाचपून बघायचं. पाठ दुसऱ्याकडून बघून घ्यायची.

चिकटलेला सापडला तर रॉकेल नको, चुना-तंबाखू नको, पेटती विडी तर नकोच. त्रास झाला की गोचीड पोटातलं आणि लाळेतलं आणखी आत सोडतो. बारीक टोकाचा चिमटा कातडीला अगदी टेकवून तोंडाजवळ धरायचा आणि सरळ वर, एकसारखं ओढायचं. पिळायचा नाही, नखाने चिरडायचा नाही. मग साबणाने जागा धुवायची आणि तारीख लिहून ठेवायची. या कुळातले विषाणू लाळेत तयारच असतात, त्यांना आत जायला फार वेळ लागत नाही. म्हणजे लवकर काढणं चांगलंच, पण काढला म्हणून निर्धास्त होऊ नये.

तारीख कशासाठी, तर ताप यायला साधारण तीन ते आठ दिवस लागतात. तो चढत चढत येत नाही, एकदम भडकतो. कपाळ फुटेल असं डोकं दुखतं, कंबर आणि पोटऱ्या पिळवटतात, डोळे लाल होतात, उलट्या होतात. काहींच्या हिरड्यांतून, नाकातून रक्त येतं. रक्ताच्या तपासणीत पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट दोन्ही उतरतात, आणि इथेच घोटाळा होतो. डेंग्यूतही तसंच होतं, लेप्टोस्पायरोसिसमध्येही बऱ्याचदा. डॉक्टरला आपणहून सांगायला हवं की मी सत्तरीतल्या काजूत काम करतो, अमुक दिवशी गोचीड काढला, आमच्याकडे माकड मेलं होतं. पहिल्या आठवडाभरात घेतलेल्या रक्तात पीसीआर चाचणीने विषाणूच सापडू शकतो, त्यानंतर आयजीएम प्रतिद्रव्यं शोधावी लागतात. विषाणू मारणारं औषध नाही. पाणी, विश्रांती, पॅरासिटामॉल आणि रक्तस्रावावर लक्ष. दुकानातून आणून ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन घेणं धोक्याचं, रक्त वाहण्याची भीती वाढते. आणि ताप उतरला म्हणून लगेच रानात परतू नये. दहातल्या एक-दोघांना मध्ये काही दिवस बरं वाटून पुन्हा ताप येतो. त्या वेळी मान आखडणं, कंप, गोंधळल्यासारखं होणं दिसलं की तडक इस्पितळ. जुनी लस होती, महिन्याच्या अंतराने दोन डोस, मग सहा-नऊ महिन्यांनी एक आणि पुढे दरवर्षी. तिचा गुण उतरत गेला आणि २०२२ पासून ती बंद झाली. नवीवर काम चालू आहे. तोवर कातडी आणि पातेरा यांच्यामधलं अंतर हीच लस.

सगळ्यांचं लक्ष शिगमोच्या दिवसांत असतं, मला मात्र वाटतं ते थोडं पावसाकडे सरकायला हवं. मृगानंतर गुरं रानात सोडली जातात तेव्हा कुणालाच ताप नसतो, आरोग्य केंद्रात गर्दी असते ती डेंग्यूची, आणि नेमक्या त्याच आठवड्यांत पुढच्या वर्षीच्या गोचिडांची पेरणी चाललेली असते. गोठा फवारून हे थांबत नाही, कारण या जातीची मादी गोठ्यात गळण्यापेक्षा रानात गळते. औषध गुराच्या अंगावरच हवं. १.२५ टक्क्यांचं डेल्टामेथ्रिन लिटरभर पाण्यात २ ते ३ मिली, अंग मुळापर्यंत भिजेल इतकं, आणि कानांच्या आत कापडाने पुसून, गळ्याची पोळी, कास, शेपटीखाली विशेष करून. पाऊस पडत असताना फवारलं तर वाहून जातं, त्यापेक्षा पाठीच्या कण्यावर ओतायचं फ्लुमेथ्रिन पावसाळ्यात जास्त टिकतं. दर पंधरा दिवसांनी पुन्हा, श्रावण संपेपर्यंत. दुभत्या जनावराला कुठलं औषध चालतं आणि किती दिवस दूध बाजूला ठेवायचं हे पशुवैद्याला विचारूनच, इंजेक्शन तर आपल्या मनाने मुळीच नाही. धनगर वस्त्यांवरची गुरं सगळ्यांत जास्त रानात फिरतात आणि त्यांच्यापर्यंत औषध सगळ्यांत शेवटी पोचतं. चवथीच्या आधी जर त्या वस्त्यांवर दोन-तीन फेऱ्या झाल्या, तर फाल्गुनात पांढऱ्या कापडावर ठिपके कमी दिसतील. ती फेरी कोण करणार, पंचायत की पशुसंवर्धन खातं, हे जूनच्या ग्रामसभेत ठरवून घ्यावं लागेल.